आर्य, पण गोरे नाहीत

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जाहीर केलं की भारतीय माणूस गोरा नाही.

आज हसू येतं. हे सांगायला कोर्ट कशाला हवं? पण १७९० पासून तिथला कायदा असा होता, की बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्या माणसालाच नागरिक होता येईल. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाचे लोक आले. राहिलेल्यांपुढे एकच रस्ता होता, कोर्टात जाऊन आपण गोरे असल्याचं सिद्ध करायचं.

ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांनी तसा प्रयत्न केला होता. नोव्हेंबर १९२२ मध्ये न्यायमूर्ती सदरलँड त्यांना म्हणाले, कातडीच्या रंगावर जाऊ नका, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. तीन महिन्यांनी त्याच न्यायमूर्तींपुढे भगतसिंग थिंद उभे राहिले. पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले. त्या काळच्या वंशशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर भारतीय कॉकेशियन गटात येत होते, म्हणजे निकष पूर्ण. आता सदरलँड म्हणाले, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. टेस्ट पास झाली म्हणून स्पेसिफिकेशनच बदलून टाकलं, असं आमच्या धंद्यात म्हणता येईल.

थिंद यांच्यावर अन्याय झाला, यात वाद नाही. मात्र त्यांच्या बाजूने कोर्टात काय मांडलं गेलं, तेही वाचायला हवं. आम्ही उच्च जातीचे, शुद्ध आर्य रक्ताचे. जातीबाहेर लग्न करत नाही म्हणून ते शुद्ध राहिलं. आणि इथल्या आदिवासींकडे आम्ही तसंच बघतो जसं तुम्ही काळ्या माणसाकडे बघता. वंशभेदाच्या दारातून आत जायला जातिभेदाचं सर्टिफिकेट! याच्या सात वर्षं आधी, मे १९१६ मध्ये, त्याच अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतले भीमराव आंबेडकर भारतातल्या जातींवर निबंध वाचत होते. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावल्याने, हा त्यांचा मुद्दा. थिंदच्या वकिलांनी जी गोष्ट अभिमानाने सांगितली, तीच आंबेडकरांनी रोगाचं मूळ म्हणून दाखवली होती.

निकालानंतर सरकार मागे वळलं आणि ज्या भारतीयांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही काढून घ्यायला लागलं. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णो दास बगाई यांचं गेलं; भारतात यायला अमेरिकेचा पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

या मोहिमेला अडवलं ते सखाराम गणेश पंडित या माणसाने. नाव कसं आपल्या गल्लीतलं वाटतं, नाही? मुंबई इलाख्यातून आलेले पंडित तिथे तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देत, १९१४ मध्ये नागरिक झाले, मग कॅलिफोर्नियात वकील. लग्न एका गोऱ्या अमेरिकन बाईशी. सरकारने त्यांच्यावर खटला भरला, तेव्हा त्यांनी गोरेपणाचा वाद घातलाच नाही. ते म्हणाले, माझा फैसला १९१४ मध्येच झाला. तेव्हा तुम्ही अपील केलं नाहीत. त्या निकालावर विसंबून मी वकिली सुरू केली, घर केलं, संसार मांडला. आता तोच प्रश्न पुन्हा उकरून काढता येणार नाही. १९२६ मध्ये अपील कोर्टाने हे मान्य केलं, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका ऐकायलाच नकार दिला आणि बाकीचे खटले सरकारने गुंडाळले. मला थिंदपेक्षा पंडित जास्त आवडतात. जातीचा दाखला न काढता, निव्वळ प्रोसिजरवर जिंकले.

दार मात्र बंदच होतं. १९१७ च्या कायद्याने भारतातून मजूर येणं थांबवलं होतं, १९२४ च्या कायद्याने उरलीसुरली फटही बुजवली. त्या १९२४ च्या कायद्याला ब्रुकलिनचा एक नवखा खासदार विरोध करत होता, इमॅन्युएल सेलर. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला. अख्ख्या देशाला १००! आणि १९६५ मध्ये, एक्केचाळीस वर्षं चिकटून राहिलेल्या याच सेलरच्या नावाने हार्ट-सेलर कायदा आला. देशवार वंशाचे कोटे गेले. शिक्षण, कौशल्य आणि नातेवाईक हे निकष आले.

याने अमेरिकेचा चेहरा बदलेल, असं तो करणाऱ्यांना वाटलं नव्हतं. आशियातून पहिल्या वर्षी सुमारे पाच हजार येतील, मग ओघ जवळपास थांबेल, असा रॉबर्ट केनेडींचा अंदाज होता. नागरी हक्कांची चळवळ आणि शीतयुद्धात जगापुढे लाज जाऊ नये ही काळजी, यांच्या रेट्यातून हा बदल झाला. बहुसांस्कृतिक देश घडवायचा प्लॅन कुणाच्याच टेबलावर नव्हता. पण डॉक्टर, इंजिनिअर गेले, त्यांनी भावंडांना बोलावलं, गावोगाव महाराष्ट्र मंडळं झाली, गणपती बसले. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. योगायोग असा, की त्याच वर्षी औरंगाबादेतून फुटून आमचा जालना जिल्हा झाला.

आता कायद्यात वंशाचा शब्द नाही. तरी नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे. भारताला जेवढी, तेवढीच आइसलँडला. कागदावर पूर्ण समता. कॉलेजचा माझा एक सिनियर, अंबडचा, डॅलसला त्या रांगेत आहे. त्याचा मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत नंबर लागला नाही, तर मुलगा बापाच्या अर्जातून बाहेर पडेल. धाकटी तिथेच जन्मली, ती नागरिक. एका घरात दोन देश.

आणि जातीचं ते सर्टिफिकेट? तेही सामानात गेलंच होतं. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी, थिंद निकालाला शंभर वर्षं आणि दोन दिवस झाले असताना, सिएटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. तसं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत कॉम्प्युटर सायन्स शिकलेल्या आणि काही काळ सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्या दिवशी सभागृहात बाजूने आणि विरोधात बोलणाऱ्यांत आपल्याच देशातून गेलेली माणसं होती. ठराव सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला.