जबड्यांची जन्मपूर्व वाढ
मानवी गर्भातील वरचा जबडा (ऊर्ध्वहनू) व खालचा जबडा (अधोहनू) यांच्या घडणीसंबंधीच्या विचारांचा इतिहास. गर्भाचे कोणते अंग प्रथम होते, याविषयीचे मतभेद सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नोंदलेले आहेत. शौनकाच्या मते मस्तक आधी होते. धन्वंतरीच्या मते सर्व अंगे एकदमच उत्पन्न होतात, परंतु सूक्ष्मपणामुळे दिसत नाहीत. डोहाळे न पुरविल्यास अपत्यात व्यंग येते, असेही तेथे म्हटले आहे. व्यंगाचे कारण गरोदरपणातील घटनांत शोधण्याची ही दृष्टी दीर्घकाळ टिकली. ग्रहणात गर्भवतीने काही चिरल्यास मुलाचा ओठ फाटतो, ही महाराष्ट्रात रूढ असलेली व भोर-वेल्ह्याच्या डोंगरी मुलखालाही अपरिचित नसलेली समजूत त्याच जातीची असून तिचा सारा भार मातेवर पडतो.

गर्भाचा वरचा ओठ आरंभी दुभंगलेलाच असतो, हे विल्यम हार्वी यांनी १६५१ मध्ये नमूद केले. पुढे योहान फ्रीड्रिख मेकेल (धाकटे) यांनी खालच्या जबड्यातील उपास्थी वर्णिली (१८२०). जबड्याचे हाड मात्र तिच्यापासून न बनता तिच्या बाहेरच्या बाजूस पटलात बनते. तिच्या मागील टोकापासून कानातील दोन हाडे होतात, असे कार्ल राइखेर्ट यांनी दाखविले (१८३७).

दोन्ही जबडे पहिल्या क्लोम-चापापासून होतात. चौथ्या आठवड्यात दिसू लागलेले खालचे उंचवटे लवकर जुळतात. वरचे उंचवटे नाकाकडील उंचवट्यांशी सहाव्या-सातव्या आठवड्यात सांधले जातात. न सांधल्यास खंडौष्ठ होतो. गर्भ राहिल्याची खात्री होते न होते तोच हे घडून गेलेले असते. त्यानंतरच्या ग्रहणाचा व विळीचा ओठाशी संबंध पोहोचत नाही. टाळू सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत मिटते. खालच्या जबड्याचे दोन अर्ध जन्मानंतर पहिल्या वर्षात अस्थिरूपाने एक होतात.