संहिता आणि दर्शक : ‘फिट्स’च्या निमित्ताने

संहिता जतन झाली म्हणजे तिचे वाचनही जतन झाले, असे नव्हे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद आजही शाबूत आहेत. पण ते सहज वाचणारे मोजकेच उरले. खगोलशास्त्रज्ञांपुढे हाच प्रश्न १९७० च्या दशकात निराळ्या रूपात आला. तेव्हा वेधशाळांतील संगणक भिन्न घडणीचे होते. कुणाचा ‘शब्द’ १६ बिटांचा, कुणाचा ३६, तर कुणाचा ६० बिटांचा. एकीकडची चुंबकीय फीत दुसरीकडे वाचणे म्हणजे दर वेळी नवे भाषांतर.

मार्च १९७९ मध्ये अमेरिकेतील डॉन वेल्स आणि एरिक ग्रीसन यांनी ‘फिट्स’ या सामायिक स्वरूपाचा पाया घातला. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९८२ मध्ये त्यास मान्यता दिली. फिट्सचा प्रत्येक खंड २८८० बाइटांचा. हा आकडा १६, ३६ आणि ६० या तिन्ही बिटसंख्यांत नि:शेष बसतो. आरंभी ८० अक्षरांच्या ओळींत, माणसालाही वाचता येईल असा मथळा असतो. पुढच्या आकड्यांचा अर्थ काय, हे तोच सांगतो. जणू प्रत्येक पोथीला तिची प्रस्तावना कायमची शिवलेली.

परंतु आकडे म्हणजे चित्र नव्हे. ते दाखवणारा दर्शक लागतो. स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेत १९९० च्या सुमारास ‘एसएओइमेज’ हा दर्शक तयार झाला, तो युनिक्स यंत्रांसाठी. त्याच परंपरेतला ‘डीएस९’ आज लिनक्स, विंडोज आणि मॅकओएस या तिन्ही प्रणालींवर चालतो. वरवर सोपे वाटणारे हे काम तसे नाही. फिट्समध्ये संख्येचा मोठा बाइट आधी येतो, इंटेल घडणीच्या यंत्रांत धाकटा. दर्शकाने हा क्रम मुकाट्याने उलटवला नाही, तर आकाशाऐवजी निव्वळ कोलाहल दिसेल.

अधिक गंभीर प्रश्न अर्थनिर्णयनाचा आहे. दीर्घिकेचे तेजस्वी केंद्र आणि तिच्या अंधुक भुजा यांच्या तेजातील तफावत प्रचंड असते; पडद्यावर छटा मर्यादित. रेषीय मापनात केवळ केंद्र दिसते, लघुगणकीय मापनात भुजा उमलतात. फाइल तीच, आकडे तेच. दर्शन मात्र दोन. म्हणून चांगला दर्शक मूळ आकड्याला हात न लावता मापन बदलण्याची मुभा देतो आणि बिंदूवर बोट ठेवताच खरी संख्या सांगतो. पाठचिकित्सकाने मूळ पाठ आणि आपली दुरुस्ती वेगळी ठेवावी, तशीच ही शिस्त आहे.

जुनी फिट्स फाइल कोणत्याही नव्या नियमाने अवैध ठरू नये, हे या स्वरूपाचे मूलतत्त्व. म्हणूनच व्हॅटिकन ग्रंथालयाने आपल्या हस्तलिखितांच्या अंकीय प्रतींसाठी हेच स्वरूप निवडले. ताऱ्यांसाठी घडलेले साधन अशा रीतीने पोथ्यांकडे आले. आपल्या मोडी कागदांच्या छायाप्रती काढताना त्या कोणत्या स्वरूपात ठेवायच्या, आणि पन्नास वर्षांनी त्या कोण, कशाने उघडणार, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही.