काळ्या दगडाखाली

२१ मार्च २०२४ च्या सकाळी नांदेडला घरी फोन केला, तर आई आधीच अंगणात येऊन बसलेली. हिंगोलीकडे ४.५ रिश्टरचा धक्का बसला होता, तो नांदेडलाही जाणवला. "आपल्या खाली तर दगड आहे ना रे?" तिनं विचारलं.

हाच भरवसा आम्हाला शाळेतही मिळाला होता. दख्खनचं पठार घट्ट, इथे कसला भूकंप! १९९२ मध्ये किल्लारीला हादरे बसत होते, तरी नकाशात लातूर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच होतं. मग आली ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. माळवदाच्या घरांच्या जाड दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसं गेली.

पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. आपला काळा पाषाण ३३८ मीटरवरच संपला. त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन खडक. म्हणजे ज्याला आपण पाया समजत होतो ते नुसतं झाकण होतं. खालची भेग वरून दिसणार कशी? २००२ मध्ये तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच नकाशातून काढून टाकला गेला.

आईला म्हटलं, दगडावर विसंबू नकोस, जुन्या खोलीच्या भिंतींना सळई-सिमेंटचा पट्टा बांधून घेऊ. "बघू पावसाळ्यानंतर," ती म्हणाली.

असो. पावसाळा होऊन गेला. गवंडी अजून आलेला नाही.