दुःखाचे खतपत्र

देव दयाळू आहे आणि सर्वसमर्थही आहे, मग निरपराध माणसाच्या वाट्याला दुःख का येते? हा प्रश्न आमच्या नास्तिकांनी पाश्चात्त्यांकडून उसना आणला, असे पुष्कळदा सांगण्यात येते. ते खरे नाही. ब्रह्मसूत्रांतच तो आहे. जगात कोणी सुखी तर कोणी अतिशय दुःखी. तेव्हा असे जग घडविणाऱ्यावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा दोष येतो, हा आक्षेप सूत्रकारांनी स्वतःच नोंदविला आहे. शंकराचार्यांनी त्याला उत्तर दिले. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो. भात उगवायचा की जव, ते बियाण्यावर ठरते. तसा देव ज्याच्या त्याच्या पूर्वकर्माप्रमाणे फळ देतो. मग अगदी पहिले कर्म कुठून आले? तर संसार अनादी आहे, त्याला पहिले असे काही नाही.

लिस्बनचा भूकंप १७५५ सालचा. त्याने व्हॉल्टेर हादरला, हे आपण सर्व ऐकतो. त्याच्या हजार वर्षे आधी, सातव्या शतकाच्या सुमारास, कुमारिल भट्टांनी काय विचारले हे फारसे कोणी सांगत नाही. आणि कुमारिल म्हणजे वेदांचे कट्टर कैवारी! ते विचारतात, देवाने दयेपोटी जग निर्मिले म्हणता, तर निर्मितीपूर्वी प्राणीच नव्हते. मग दया आली कोणाची? आणि दयाच होती तर केवळ सुखी जग का नाही निर्मिले? कर्माप्रमाणे निर्मावे लागले म्हणाल, तर मग देवाचे स्वातंत्र्य कुठे राहिले?

आम्ही शाळा लवकर सुटलेली माणसे. हे ग्रंथ आम्हांला मराठीतूनच कळले. खतपत्र मात्र आम्हांला कोणी शिकवावे लागले नाही. ज्या कर्जाची पहिली रक्कम कोणी पाहिली नाही, जे घेतल्याचे ऋणकोला स्मरत नाही, आणि ज्याची वही फक्त धनकोपाशी आहे, अशा कर्जाला आमच्या भागातल्या कुणब्याने काय उत्तर दिले, ते इतिहासात नमूद आहे.

याच शिरूर तालुक्यातले करडे गाव. डिसेंबर १८७४ मध्ये तिथे एका सावकाराने देशमुखांच्या घरावर हुकूमनाम्याची बजावणी आणली, आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. पुढे गावोगावी तेच झाले. यात ध्यानात घेण्याजोगे एवढेच, की लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते हाती पडली की जाळली. जिथे सावकाराने ती मुकाट्याने दिली तिथे बहुधा त्याला हातही लावला नाही. चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने न्यायाधीशाला अधिकार दिला, की खतावरचा आकडा प्रमाण न मानता मूळ व्यवहारापासूनचा हिशेब तपासावा. आम्हांला वाटते, अनादी कर्माच्या सिद्धांताला एवढा सरळ आक्षेप पंडितांच्या सभेतही क्वचितच घेतला गेला असेल.

दंग्यापाठोपाठ १८७६–७८ चा दुष्काळ आला. देशभरात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. पाऊस पडला नाही हे खरेच. पण त्याच काळात धान्य परदेशी जातच होते. दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्याच्या मापावर आणण्यात आली, तेव्हा १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी काम सोडले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. अन्नाला मोताद झालेल्या माणसांचा संप! जो धंदा आम्ही जन्मभर केला, त्याचे हे आमचे पूर्वज.

त्याच वर्षी सावित्रीबाई फुले जुन्नरकडे ओतूरला सत्यशोधकांच्या मदतकार्यात होत्या. तिथून जोतीरावांना धाडलेल्या त्यांच्या पत्रात दुष्काळ आणि सावकार दोन्ही आहेत. जोतीराव निरीश्वरवादी नव्हते; ते निर्मिक मानीत. पण शेतकऱ्याचे दुःख त्यांनी त्या निर्मिकाच्या खात्यावर मांडले नाही. ते कोणाच्या खात्यावर पडते, हे त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये नावनिशीवार सांगितले. आगरकर अज्ञेयवादाकडे गेले, बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धाच्या वाटेने जगाचा कर्ताच नाकारला. वाटा निराळ्या. पण भोगणाऱ्यालाच गुन्हेगार ठरविणारे उत्तर तिघांनाही अमान्य होते, हे आम्ही महत्त्वाचे मानतो.

श्रद्धाळू बांधवांचा यावर एक रास्त सवाल असतो. मूल गेलेल्या आईला पूर्वकर्माचा आधार वाटतो, तो का काढून घेता? आम्ही तिच्याशी वाद घालीत नाही, घालूही नये. पण जो शब्द आईच्या तोंडी सांत्वन असतो, तोच मुकादमाच्या तोंडी हिशेबाची टाळाटाळ होतो.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने हा हिशेब जमिनीवर आणला. काम करताना कामामुळे इजा झाली, तर भरपाई मालकाने द्यायची. आमच्या सणसवाडीच्या पट्ट्यात पत्रा दाबण्याच्या यंत्राखाली एखाद्या पोराची बोटे गेली, की घरची माणसे म्हणतात, त्याचे भोग होते. आम्ही त्यांच्यापाशी बसतो, चहा घेतो. मग विचारतो, यंत्राचे संरक्षक जाळे कोणी काढले होते, आणि पाळी किती तासांची चालली होती?