भीर, बिड की बीड?

मी मूळचा अंबाजोगाईचा. नोकरी हिंजवडीत, शनिवार-रविवार स्वतःचे. त्यातले गेल्या वर्षीचे बरेचसे मामाच्या लॉजच्या वेबसाइटवर गेले. लॉज छोटा आहे, बारा खोल्या. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांत साइट उभी केली आणि मामाला म्हटलं, "आता बघ, फोन थांबणार नाही." तीन महिने एकही फोन आला नाही.

मग मामाने मला न सांगता एका माणसाला अकरा हजार रुपये दिले. त्याने गुगलवर पहिल्या नंबरला आणायची गॅरंटी दिली होती. अशी गॅरंटी खुद्द गुगलमधला माणूसही देऊ शकत नाही, पण मामाला हे कोण सांगणार? मीही सांगितलं नव्हतं. त्या माणसाने काय केलं, तर कुठल्याकुठल्या परदेशी साइट्सवरून मामाच्या लॉजला दोनशे लिंका जोडल्या. १९९८ साली पेज आणि ब्रिन या दोन पोरांनी गुगल काढलं तेव्हा मूळ कल्पनाच ही होती, की एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे एक मत, आणि वजनदार पानाचं मत जास्त वजनाचं. मतं आली की मतं विकत घेणारेही आलेच (आपल्याकडे हे समजावून सांगायला नको). एप्रिल २०१२ मध्ये गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल करून विकतच्या लिंकांवाल्या साइट्सना खाली ढकललं. त्या माणसाने पानात दडवून ठेवलेल्या चाळीस कीवर्ड्सची गतही तीच. तो टॅग आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, हे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं होतं. म्हणजे मामाने जुनी, बाद झालेली नोट अकरा हजारांना घेतली.

असो. खरी गंमत पुढे आहे. लोक नेमकं काय टाइप करतात ते शोधायला बसलो आणि थेट इतिहासात जाऊन पडलो.

निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत. इंग्रजांच्या १९०८च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये आमचा जिल्हा 'भीर' म्हणून छापलाय, बी-एच-आय-आर. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात, तरी सरकारी इंग्रजी पुस्तकांत 'भीर' बराच काळ टिकला. जनगणनेने मात्र बी-आय-डी लिहिलं. जिल्ह्याच्या सरकारी साइटवर आहे बी-डबल ई-डी. आता इंग्रजीत बी-आय-डी हॉटेल असं शोधून बघा. लिलाव आणि टेंडरं आधी हजर!

अंबाजोगाईचं तर विचारूच नका. आंबा, आंबेजोगाई, अंबेजोगाई, अंबाजोगाई, जोगाई. शिवाय निजामाच्या काळातलं मोमिनाबाद, जिथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. योगेश्वरी ही कितीतरी कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता. देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्नाला आली, मुहूर्त टळला आणि इथेच राहिली, अशी कथा सांगतात. त्यामुळे मार्गशीर्षातल्या उत्सवाला पुण्यातून, मुंबईतून लोक येतात. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या 'आंबेजोगाई'च म्हणतात. ते गुगलवर तेच लिहिणार, आणि मी साइटभर फक्त 'अंबाजोगाई' लिहून ठेवलेलं! गुगल हुशार आहे, बरंच जुळवून घेतं, पण सगळं भार त्याच्यावर का टाकायचा? मग मी गावाच्या इतिहासाचं एक सरळ पान लिहिलं. आद्यकवी मुकुंदराज, त्यांचा शके १११०चा विवेकसिंधु, दासोपंतांची चाळीस फुटी पासोडी, घोडदळ. त्यात सगळी जुनी-नवी नावं जिथल्या तिथे आपोआप आली. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात नावं लपवायची युक्तीही पूर्वी चालायची. ती करू नका, पकडले जाल.

आमच्या शेजाऱ्यांनाही आता हेच करावं लागणार. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, आणि २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. तिन्ही जिल्हे बीडला लागून. तिथे दुकान असलेल्यांनी पाटी बदलताना साइटवरून जुनं नाव एका झटक्यात पुसू नये, एवढंच सांगतो. 'पूर्वीचे अमुक' असं एकदा लिहिलेलं पुरतं.

आता माझी चूक. खोल्यांचे दर, पत्ता, फोन हे सगळं मामाने गावातल्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाइप करून आणलं होतं. या जुन्या फाँटांची गंमत अशी, की दिसतं देवनागरी, पण आत साठवलेली असतात भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाँट काढला की नुसती खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी २००० नंतरही कित्येक मराठी साइट्स अशाच फाँटांत चालायच्या. त्यातलं लेखन सर्च इंजिनांना मराठी म्हणून कळायचंच नाही. (युनिकोडातही भानगडी आहेत. 'ॲ'ला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधीचा जोडून केलेला 'ॲ' डोळ्यांना तोच दिसतो, पण कॉम्प्युटरला वेगळा.) तर कॉपी-पेस्ट केल्यावर खिचडी दिसली म्हणून मी आळस केला आणि सगळ्या मजकुराचं एक चित्रच चिकटवलं. सुबक दिसलं. चित्राला पर्यायी मजकूरही दिला नाही. आठ वर्षं प्रोग्रामिंग शिकलेला माणूस, आणि हे!

पुढे सर्च कन्सोल उघडून बघितलं. मला वाटलेलं भाविक असतील, पण निम्म्याहून जास्त लोक योगेश्वरी नाही, 'सरकारी दवाखाना जवळ रूम' शोधत होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं मेडिकल कॉलेज आमच्या गावात आहे. स्वामीजी १९३०च्या दशकात इथल्याच योगेश्वरी विद्यालयात शिकवायचे, तेव्हा गाव मोमिनाबाद होतं. त्या रुग्णालयात आसपासच्या तालुक्यांतून पेशंट येतात आणि नातेवाईक रात्री मोबाइलवर खोली शोधतात. लॉज तिथून चालत दहा मिनिटांवर, आणि साइटवर 'दवाखाना' हा शब्दच नाही!

मी त्या रविवारी चित्र काढून टाकलं. दर आणि फोन नंबर साध्या अक्षरांत लिहिले, नंबरावर बोट ठेवलं की कॉल लागेल असा. दवाखान्यापासूनचा रस्ता लिहिला, रात्री किती वाजेपर्यंत दार उघडतं ते लिहिलं, गुगल मॅपवरची टाचणी मागच्या गल्लीत पडली होती ती जागेवर आणली. पानाचं शीर्षक 'होम' होतं, ते बदलून गाव आणि दवाखाना घातला. एकूण चार तास, खर्च शून्य.

दीड महिन्याने मामाचा फोन आला. धारूरकडचा एक माणूस खोली घ्यायला आला होता, बायको वॉर्डात. तो म्हणाला, मागच्या खेपेलाही तुमची साइट दिसली होती, पण फोटोतला नंबर मोबाइलवर वाचता आला नाही, म्हणून ती रात्र एसटी स्टँडवर काढली. मामाने त्याच्याकडून पहिल्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. मला मात्र म्हणाला, "अक्षरं आणखी जरा मोठी कर रे."