जुने गावनकाशे आणि वस्तीचा इतिहास

इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी जमाबंदीच्या मोजणीचा पाया घातला. त्या परंपरेतील गावनकाशे आम्ही स्थानिक इतिहासाचे मोलाचे साधन मानतो. अभ्यासकाने प्रथम गावठाण शोधावे, मग महारवाड्याची जागा पाहावी. या दोहोंमधील अंतर हेच अस्पृश्यतेचे माप होय. पुढे ‘हाडकी-हाडवळा’ या वतनी जमिनीचे सर्व्हे नंबर पाहावेत. ज्या वतनी वेठीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, तिचा मोबदला किती तुटपुंजा होता, हे त्यावरून उमगते.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक वस्त्यांनी बौद्धवाडा, भीमनगर अशी नावे धारण केली. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो उचितच आहे. वासेट्ठसुत्तानेही नाम-गोत्र ही केवळ लोकव्यवहारातील संज्ञा ठरविली आहे. तथापि फलक बदलला म्हणून जुना नकाशा टाकून देऊ नये. अन्यायाचा तो लेखी पुरावा आहे. भूमि अभिलेख कार्यालयातून त्याची प्रत मिळवून ती विहारात जतन करावी आणि वृद्धांना विचारून जुने पाणवठे व वाटा तीवर नोंदवून घ्याव्यात, असे आम्ही सुचवितो.