दातोंग : चिनी महासमतेचे स्वप्न आणि मार्गाचा प्रश्न

चिनी राजकीय विचारात 'दातोंग' हा शब्द सुमारे दोन हजार वर्षे वावरत आला आहे. 'दा' म्हणजे महान. 'तोंग' म्हणजे समान, किंवा एकरूपही. या शब्दाचा अनुवाद 'महासमता' करावा की 'महाएकरूपता', हा केवळ कोशकारांचा प्रश्न नाही. समता आणि एकरूपता यांतील अंतर ज्यांना उमगले नाही, त्यांच्या हातून या स्वप्नाची काय गत झाली, हे पाहणे समतेच्या चळवळीत वाढलेल्या आपणा सर्वांस उपयुक्त ठरेल, असे आम्हांस वाटते.

हान राजवटीच्या काळात संकलित झालेल्या 'ली-ची' या विधिग्रंथातील 'ली-युन' प्रकरणात दातोंगचे वर्णन कन्फ्यूशियसच्या तोंडी घातले आहे. त्या युगात राज्य ही कोणा एका घराण्याची मालमत्ता नव्हती. गुणी व समर्थ माणसांची निवड होत असे. मनुष्य केवळ स्वतःच्याच माता-पित्यांना माता-पिता मानत नसे. विधवा, अनाथ, निपुत्रिक वृद्ध व अपंग यांचा सांभाळ होई आणि चोरीचे भय नसल्याने दारे बंद करावी लागत नसत. हे युग लोपले, राज्य घराण्याचे झाले, तट-खंदक उभे राहिले. विधी व मर्यादा यांच्या बळावर चालणाऱ्या या दुसऱ्या, गौण अवस्थेस 'श्याओखांग', म्हणजे अल्पसमृद्धी, असे नाव आहे.

परंतु दातोंग कशाने लोपले व ते पुन्हा कसे यावे, याचे उत्तर ली-युन देत नाही. येथे दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्ताचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्या सुत्तात अधःपतनाचे कारण निःसंदिग्धपणे सांगितले आहे. राजाने प्रजेला संरक्षण दिले, पण निर्धनांना धन दिले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या आणि हत्येतून असत्य उपजले. पुनरुत्थानाची रीतही तितकीच स्पष्ट आहे. मनुष्याचे आयुर्मान दहा वर्षांवर येऊन सात दिवसांचा शस्त्रसंहार होतो. रानावनात दडून वाचलेले लोक बाहेर येतात, परस्परांना आलिंगन देतात आणि प्राणिहिंसेपासून विरत होण्याचा संकल्प करतात. कोणी राजा त्यांना तसे फर्मावत नाही. मेत्तेय्य बुद्धाचा उदय या दीर्घ शीलाचरणाच्या अखेरीस होतो, आरंभी नव्हे.

या सुत्ताची समांतर आवृत्ती इ. स. ४१३ मध्ये छांगआन येथे बुद्धयशस् व चू फो-निएन यांनी केलेल्या दीर्घागमाच्या भाषांतरातून चीनमध्ये पोहोचली. मेत्तेय्याविषयीची अन्य सूत्रेही भाषांतरित झाली. पण राजकीय बंडांनी त्यातील शील मागे ठेवले आणि भावी बुद्धाची प्रतीक्षा तेवढी उचलली. ५१५ मध्ये फा-छिंग नामक भिक्षूने नवा बुद्ध अवतरल्याची घोषणा करून उठाव केला. त्यात भिक्षू-भिक्षुणींचीच कत्तल झाली. ६९० मध्ये सम्राज्ञी वू हिने सिंहासनावरील हक्कासाठी स्वतःला मेत्तेय्य म्हणवून घेतले. १३५१ चे लाल पागोटेवाल्यांचे बंड याच श्रद्धेवर पोसले गेले. त्यातूनच एकेकाळी विहारात श्रामणेर असलेला, दरिद्री शेतकऱ्याचा पुत्र चू युआन-चांग १३६८ मध्ये सम्राट झाला आणि त्याने मेत्तेय्याचे नाव घेणाऱ्या पंथांवरच बंदी घातली. सिंहासनावरील माणूस बदलला, सिंहासन तसेच राहिले.

आधुनिक काळात दातोंगला नवे रूप दिले ते खांग यू-वेई (१८५८–१९२७) यांनी. १८९८ च्या 'शंभर दिवसांच्या सुधारणा' राजमातेने मोडून काढल्यावर ते परागंदा झाले. १९०१-०२ मध्ये दार्जिलिंगच्या वास्तव्यात त्यांनी 'दातोंग शू' या ग्रंथाची रचना केली. ग्रंथाचा आरंभ जगातील दुःखांच्या अवलोकनाने होतो, हे लक्षणीय आहे. राष्ट्र, वर्ग, वंश, लिंग, कुटुंब, खाजगी मालमत्ता, विषम शासन, मनुष्य व इतर प्राणी यांतील भेद आणि स्वयमेव दुःख अशा नऊ सीमा त्यांनी मोजल्या व त्या पुसून टाकावयास सांगितले. अखेरच्या प्रकरणात जे परमसुख येते, त्याचे नाव चिनी बौद्धांनी सुखावतीला दिलेलेच नाव आहे. वर्गसीमेच्या चर्चेत भारतातील जातिव्यवस्थेचा त्यांनी कठोर निषेध केला आहे.

तथापि याच ग्रंथात वंशसीमा पुसण्याचा जो उपाय येतो, तो वाचून मन विषण्ण होते. मिश्रविवाह, स्थलांतर व आहारपालट यांच्या योगे कृष्णवर्णीयांनी पिढ्यान्‌पिढ्या गोरे होत जावे आणि जे 'सुधारणार' नाहीत त्यांना संततीच होऊ देऊ नये, असे खांग सुचवतात. ज्यांना समान करावयाचे, त्यांची संमती विचारण्याची गरज त्यांना भासली नाही. अस्पृश्यांना 'शुद्ध' करून घेऊ पाहणाऱ्यांची भाषा ज्या समाजाने ऐकली आहे, त्याला हा दोष ओळखण्यास वेळ लागणार नाही. माणसाला आहे तसा मान देणे ही समता. त्याला आपल्यासारखा करून घेणे ही एकरूपता होय.

३० जून १९४९ च्या निबंधात माओ त्से-तुंग यांनी लिहिले की, खांग यांनी दातोंगचा ग्रंथ लिहिला, पण तेथे जाणारी वाट त्यांना सापडली नाही. ती वाट आपल्याला सापडल्याचा माओंना विश्वास होता. १९५८ च्या अखेरीपर्यंत जवळजवळ सर्व शेतकरी कुटुंबे जनकम्यूनमध्ये सामावली गेली. घरोघरच्या चुली विझल्या, सामुदायिक भोजनशाळा निघाल्या. मात्र त्याच १९५८ च्या जानेवारीत 'हुखौ' नोंदणीचा कायदा झाला. त्याने ग्रामीण व नागरी असे दोन दर्जे पक्के केले आणि ते मातेकडून अपत्याकडे जाऊ लागले. ही मातृवंशाची अट १९९८ मध्ये सैल झाली. सर्वांना एका पंक्तीस बसविणाऱ्या राज्याने जन्माने ठरणारा दर्जा निर्माण केला. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात भुकेल्या खेडुतांना शहराची वाट याच नोंदणीने अडवली. त्या दुष्काळातील मृत्यूंचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. १९५९ च्या लुशान बैठकीच्या वेळी संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी माओंना पत्र लिहून वस्तुस्थिती मांडली. त्यांना पदच्युत करण्यात आले.

१९७९ मध्ये तंग श्याओ-पिंग यांनी 'श्याओखांग' हे राष्ट्राचे उद्दिष्ट म्हणून मांडले आणि १ जुलै २०२१ रोजी ते साध्य झाल्याची घोषणा शी जिनपिंग यांनी केली. ली-युनमधील गौण अवस्थेचे नाव अशा रीतीने राज्याचे ध्येय बनले.

दातोंगचा आणखी एक वारसा आहे, त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. भिक्षू ताइ-श्यू (१८९०–१९४७) यांनी तरुणपणी 'दातोंग शू' वाचला होता. १९२६ मध्ये त्यांनी 'मानवलोकातील शुद्धभूमी' ही कल्पना मांडली. मृत्यूनंतरच्या सुखावतीकडे डोळे लावून न बसता माणसांनी आपले चित्त व कर्म शुद्ध करून हीच भूमी शुद्ध करावी, असा तिचा आशय आहे. तैवानमध्ये १९६६ साली भिक्षुणी चंग येन यांनी स्थापिलेली त्सू ची ही सेवासंस्था याच परंपरेतील होय. या वाटेवर सिंहासन लागत नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात साध्यापेक्षा साधनाची कसोटी लावली, ती या संदर्भात ध्यानी घ्यावी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी भिक्षुसंघाच्या कार्यपद्धतीत लोकशाहीची रीत दाखवून दिली आणि राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशाराही दिला. निर्धनाला धन देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. सुत्त त्यातून राज्याला सूट देत नाही. परंतु शील फर्मानाने येत नाही आणि विरोधी मत बोलणाऱ्याला जेथे स्थान नाही, तेथे समतेची एकरूपता होण्यास विलंब लागत नाही. आपल्या विहारांत, संस्थांत व संघटनांत असे बोलणाऱ्यासाठी आसन राखलेले असते काय, हे प्रत्येकाने तपासून पाहावे.